पश्चिमेची भिंत

आमचं घर कळंब्याच्या रस्त्याला. समुद्र तिथून शंभर किलोमीटर, सह्याद्रीच्या पलीकडे. मी एकतीस वर्षं कोल्हापुरातल्या शाळेत भूगोल शिकवला. लाटा किनारा कसा झिजवतात हा धडा मला तोंडपाठ आहे, पण लाट कडा फोडताना मी कधी पाहिली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ते पाहायच्या हावेपायी झालं.

माझी बायको श्यामला हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तिचा पलंग मागच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून. सोमवारी सकाळी पावणेदहाला ती म्हणाली, पलीकडून कुणीतरी भिंतीला धडका देतंय. मी परसात गेलो. कुणी नव्हतं. भिंतीच्या पायथ्याशी मात्र एक आडवी खाच पडली होती, आतून गुळगुळीत. बोट फिरवलं तर ओलं लागलं. चाखून पाहिलं. खारट होतं.

मंगळवारी धडका दहा पस्तीसला सुरू झाल्या, बुधवारी अकरा पंचवीसला. रोज पन्नास मिनिटं उशिरा. भरती अशीच येते.

तेव्हाच घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. मी टेप आणि डायरी घेऊन बसलो. खाचेची गुहा होत होती, अगदी पुस्तकातल्या क्रमानं, फक्त हजारो वर्षांचं काम तासाभरात. गुहेनंतर कमान होते. मग कमानीचं छत कोसळतं आणि एक खांब तेवढा उभा राहतो.

भिंत दाखवायला जोतीराम गवंड्याला बोलावलं. त्यानं खाचेत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"सर, पावसाचं पाणी वरनं पडतंय. ह्येला समोरनं मारलंय. वैनीस्नी आधी तिथनं हलवा."

श्यामलाही तेच विनवत होती. मी म्हणालो, एकच दिवस थांबू. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. उधाण मला चुकवायचं नव्हतं.

गुरुवारी सव्वाबाराला परसात लख्ख ऊन होतं. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. जोतीराम भिंतीला टेकू द्यायला आला होता.

पहिल्या धडकेला गिलावा गळाला. दुसरीला कपाटातल्या औषधाच्या बाटल्या जमिनीवर फुटल्या. तिसरीला भिंतीत आरपार भोक पडलं. त्यातून परस दिसत होता. मोकळा.

विटा खोलीभर उडाल्या. एक माझ्या कानशिलाला घासून समोरच्या भिंतीत घुसली.

श्यामला किंचाळत होती. मी भोकाची रुंदी मोजत होतो.

जोतीरामनं माझ्या हातातली टेप हिसकून फेकली आणि पलंगाला हात घातला. तेव्हा कुठं मी दुसरी बाजू धरली. आम्ही उंबरा ओलांडला आणि मागं स्लॅब कोसळला.

श्यामलाला ओरखडाही नव्हता. मी तिच्या पायाशी बसून रडलो. त्याच संध्याकाळी तिला शाहूपुरीत, माझ्या पुतणीच्या, भैरवीच्या फ्लॅटवर नेलं. चौथा मजला, पूर्वेची खोली. पलंग मध्यभागी ठेवला, कुठल्याच भिंतीला लागू दिला नाही.

शुक्रवारी एक वाजून पाच मिनिटांची मी वाट पाहिली. भिंती गप्प होत्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

श्यामला अंथरुणावर वीतभर सरकली, कुणीतरी ढकलल्यासारखी.

मग पुन्हा. तिनं दात घट्ट आवळले होते.

मी गाऊन वर केला. पश्चिमेकडच्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, एक आडवी खाच होती. कातडी कुठं फाटली नव्हती. खाच ओली होती आणि आतून चकाकत होती.

"खूप आत गेलंय का?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो.

"यापुढं काय होतं, तुम्हाला ठाऊक असेल ना?"

मला ठाऊक होतं. पुढची धडक त्याच खाचेत बसू नये म्हणून ती यायच्या आत मी पलंग गर्रकन फिरवला आणि तिची दुसरी कूस पश्चिमेला केली.