दहावी गोटी

अकोल्यात जठारपेठेतल्या खुशालराव उमकांच्या ब्रशाखालून गेला नाही असा प्रतिष्ठित माणूस विरळा. डॉक्टर, नगरसेवक, दोन महाराज. चित्रात चेहरा असा उतरायचा की पाहुणे म्हणत, "आता बोलते का काय बाप्पा!" फावल्या वेळात ते रद्दीतून आणलेली गूढविद्येची आणि इतिहासाची पुस्तकं वाचत आणि बायकोला पिरॅमिड समजावत.

"गिझर सुधरत नाही तुमच्यानं," शकुनबाई म्हणत, "अन् पिरॅमिड सांगून राहिले."

खुशालरावांचं एकच स्वप्न होतं. अमरावतीच्या गुण्या बंधुमंडळाचं सभासद व्हायचं. मंडळाच्या बंगल्याच्या दारावर गवंड्याचा काटकोनी गुण्या कोरलेला. आत काय चालतं ते कोणी सांगत नसे, म्हणून लोक त्याला भूतबंगला म्हणत. आत दर रविवारी दुपारी नऊ वयस्क सभासद गुप्ततेच्या शपथा घेत आणि आलुबोंडे खात.

संस्थापक डोमाजीबाप्पूंचं तैलचित्र मंडळानं खुशालरावांकडूनच करवून घेतलं. बाप्पूंना जाऊन साठ वर्षं झालेली. मागे उरला एक फोटो, आणि त्यात वांग्याएवढं नाक.

"एवढं नाक आमच्या खानदानात कोनाचंच नाही," बाप्पूंची नात पार्वताबाई म्हणाली. तिच्या नाकाकडे बघायचं टाळून खुशालरावांनी चित्रातलं नाक निम्मं केलं.

चित्र दिवाणखान्यात लागलं आणि त्याच्याखालीच खुशालरावांच्या अर्जावर मतदान झालं. प्रत्येक सभासदाला एक पांढरी गोटी, एक काळी. माणूस पसंत असेल तर पांढरी पेटीत टाकायची आणि काळी परत द्यायची. एक जरी काळी पडली तरी उमेदवार बाद. तीनदा बाद झाला की कायमचा.

खुशालराव ओसरीत बसून ऐकत होते. पेटी उघडली. नऊ पांढऱ्या निघाल्या. आणि एक काळी.

"नऊ काळ्या देल्या, नऊ वापस आल्या," चिटणीस कुर्बानभाई म्हणाले. "मंग हे कोनाची?"

"कोनाची का असंना," अध्यक्ष ओमप्रकाशजी म्हणाले. "काळी ते काळी."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. कुर्बानभाईंनी जास्तीची गोटी ओसरीत आणून दाखवली. लाकडाची होती, हाताळून गुळगुळीत झालेली.

"आपल्या तं काचेच्या हायेत, खुशालभाऊ."

खुशालरावांनी दारातून आत पाहिलं. डोमाजीबाप्पू त्यांच्याकडेच बघत होते. त्यात विशेष काही नव्हतं. डोळे तसेच काढले होते.

घरी त्यांनी गोटीचं गूढ इजिप्तपासून उलगडायला सुरुवात केली. शकुनबाई मेथी निवडत होत्या.

"तुमी त्या मानसाचं नाक कापलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अन् वरून त्याचंच मत मांगता?"

खुशालराव हसले. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही.

पुढच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वॉर्निशचं निमित्त सांगून त्यांनी अमरावती गाठली आणि नाक होतं तसं केलं. जाताजाता ब्रशानं शेंड्याजवळ देवीचा एक व्रणही परस्पर देऊन टाकला. फोटोत तो नव्हता. खुशालरावांनी पुसला नाही.

रविवारी पेटी उघडली. कुर्बानभाईंनी दोनदा मोजलं, एक पांढरी गोटी गुपचूप खिशात घातली आणि जाहीर केलं, "नऊ! एकमत!"

लगेच दीक्षाविधी. खुशालरावांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना मधोमध उभं केलं. पंखा कुरकुरत होता. आलुबोंड्यांचा वास येत होता.

मग तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा वास आला.

एका मोठ्या, गार हातानं त्यांचा हात धरला. अंगठ्यानं दोनदा दाबलं, करंगळीत करंगळी अडकवली. खुशालरावांना भरून आलं. त्यांनीही तसंच केलं.

पट्टी सुटली. नऊच्या नऊ सभासद भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलेले होते.

ओमप्रकाशजी उठून पुढे आले. "आता हात मिळवाची आपली गुप्त रीत शिकवतो. मंडळाबाहेर कोनाले येत नाही." त्यांनी हात पुढे केला.

खुशालरावांचा अंगठा आपोआप दोनदा दाबला गेला. करंगळी अडकली.

ओमप्रकाशजींनी हात काढून घेतला.

"हे तं जुनी रीत हाये. माह्या बाबूजींनं सांगतली होती. डोमाजीबाप्पू गेले तवाच बंद झाली. तुमाले कोनं शिकवली?"

खुशालरावांनी तळहात उघडला. त्यावर कालचा कातडीचा रंग होता, ओलाच. साहजिक होतं. नाक परत मिळाल्यावर माणूस आधी ते चाचपूनच पाहणार.