पिवळ्या छत्रीमागची माणसं

वेशीच्या कमानीखाली मी अगदी रंगात येऊन बोलत होते, आणि माझ्या मागे कोणीतरी चक्क घोरत होतं.

माझ्या इतिहासानं लोकांना झोप येते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या गटात सगळे निवृत्त शिक्षक! आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवलेली माणसं, स्वतः थोडीच झोपणार? मी वळून पाहिलं... आणि हातातली छत्री पडायचीच बाकी राहिली. माझ्यामागे एकही शिक्षक नव्हता. होती ती सगळी नुकती लग्नं झालेली जोडपी. त्यातली एक नवरी नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून उभ्या उभ्या घोरत होती.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"आम्ही हनिमूनवाले," तिचा नवरा हळूच म्हणाला, तिची झोप मोडू नये म्हणून. "छत्रीच्या मागे चाला, असं सांगितलंय आम्हाला."

आमच्या धंद्याची रीतच ती. गाईडनं छत्री उंच धरायची आणि लोकांनी तिच्याकडे बघत चालायचं. गर्दीत गाईडचं तोंड कोण बघतंय! माझी छत्री पिवळी होती, मावशीनं दिलेली. कंपनी मावशीचीच. निघताना तिनं बजावलं होतं, "एक जरी माणूस हरवलं ना, तर तू सरळ घरी बसायचं." आणि मी पहिल्याच शहरात अख्खी शाळा हरवून बसले होते.

शाळा सापडली ती राजवाड्याच्या चौकात. पायऱ्यांवर बसून सगळे हसून हसून लोळत होते. त्यांच्यात मोठ्या बाईही होत्या! मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिका. माझं बोलणं ऐकताना त्यांच्या कपाळावरची आठी कधी हलली नव्हती, आणि इथे त्या रुमालानं डोळे पुसत होत्या. समोर एक काटकुळा मुलगा उभा होता. हातात पिवळी छत्री... अगदी माझ्यासारखीच.

"...आणि राणी या खिडकीतून उडी मारणार, तेवढ्यात खालून राजा ओरडला– अगं थांब, आधी पडदे काढून दे, धुवायला टाकायचेत!"

"अहो!" मी मध्ये घुसले. "ही माझी माणसं आहेत!"

"असं? मग माझ्याकडे कशी आली?"

"तुमची छत्री पिवळी आहे म्हणून."

"छत्रीमुळे आली असतील. थांबली ती गोष्टीमुळे."

"गोष्ट कसली, थापा! ती धान्याच्या कोठाराची खिडकी आहे. राणी तिथे फिरकल्याचा पुरावा काय?"

त्यानं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बारीक पाऊस सुरू झाला होता. आपल्याच छत्रीबाहेर उभा राहून तो भिजत होता, आणि त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते... ते मी पाहिलेच नाहीत, असं मी अजूनही सांगते.

"फिरकली नाही, याचा तरी पुरावा काय?" तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी टाळी दिली. त्याला! मला नाही.

त्या दिवसापासून तो माझ्यासाठी 'थापाड्या', आणि मी त्याच्यासाठी 'सनावळी'. सुटका म्हणून नव्हती. सगळ्या कंपन्यांचा रस्ता एकच– आधी जुनी शहरं, मग डोंगरपायथ्याची गावं, शेवटी समुद्र. जिथे माझी बस, तिथे मागोमाग त्याची. मी छत्रीला लाल फीत बांधली. दुसऱ्या सकाळी त्याच्या छत्रीला लाल फीत! मी वर एक रुमाल अडकवला. जेवायच्या सुट्टीनंतर बघते तर त्याचाही रुमाल फडफडतोय.

"मुद्दाम करता ना तुम्ही?"

"पुरावा?" तो डोळे मिचकावत म्हणाला.

एका गावात ओढ्यावर जुनी पाणचक्की होती. पुलावर बदकं ठाण मांडून बसली होती आणि दोन्ही बसेस त्यांच्या मर्जीची वाट बघत थांबल्या होत्या. माझे शिक्षक बदकांना रांगेत उभं करायला गेले. जोडपी फोटो काढायला पांगली. आम्ही दोघं चक्कीच्या कट्ट्यावर चहा पीत बसलो.

"या चक्कीची गोष्ट ऐकायचीय?"

"खरी असेल तर."

"मग राहू दे." त्यानं चहाचा घोट घेतला. चाकावरून पाणी पडत होतं. जरा वेळानं मीच म्हणाले, "...बरं, सांगा."

तो हसला. त्यानं काय सांगितलं ते मला आज शब्दभरही आठवत नाही. त्याच्या बोटांमध्ये फिरणारा रिकामा कप तेवढा आठवतो. आणि बदकं उठून गेल्यावर मला झालेलं दुःख.

"सनावळी," उठताना तो म्हणाला, "तू कधीच थाप मारली नाहीस?"

त्यानं 'तू' म्हटलेलं मी ऐकलं... आणि दुरुस्त केलं नाही.

"दगडावर कोरलेलं नसेल, तर मी बोलत नाही," मी म्हणाले.

"अरे बापरे. मग तुझ्याशी लग्न करणाऱ्याला छिन्नी हातोडा घेऊनच यावं लागणार."

समुद्राकाठचं शेवटचं गाव आलं. घरांच्या भिंती खाऱ्या वाऱ्यानं सोलवटलेल्या, गल्ल्यांत वाळत घातलेली जाळी, आणि टोकाला दीपगृह. संध्याकाळी तिथूनच दोन्ही बसेस परत फिरणार होत्या. चढावर तो माझ्या बाजूनं चालायला लागला.

"उद्यापासून मला डोंगरातल्या फेरीवर टाकलंय. पलीकडच्या टोकाला. आता इकडे येणं नाही."

मी छत्रीची फीत उगाच घट्ट केली. तोंडातून मात्र निघालं, "बरं झालं. माझी माणसं माझ्याकडे राहतील."

"एवढंच?"

"आणखी काय?"

"काही नाही... माझ्याकडे पुरावा नाही." आणि तो पुढे निघून गेला.

वर वारा असा सुटला होता की आपलं नावसुद्धा उडून जावं. तो त्याच्या जोडप्यांपुढे उभा राहिला, मी माझ्या शिक्षकांपुढे. मधे चार हातांचं अंतर. तो बोलायला लागला.

"या दीपगृहाचा दिवा सांभाळायला एक पोरगा होता. एक नंबरचा थापाड्या. जहाजांना खोटं सांगायचा नाही, बाकी सगळ्यांना सांगायचा. त्याला एक मुलगी भेटली. ती प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची. त्यानं तिच्यासाठी खिडकीत राण्या उभ्या केल्या, चक्क्या फिरवल्या... पण एक खरी गोष्ट होती, ती सांगताना त्याची जीभच उचलेना. कारण थापाड्याचं खरं कोण ऐकणार?"

"मग? ती काय म्हणाली?" घोरणाऱ्या नवरीनं विचारलं. आज ती टक्क जागी होती.

"ते कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. जोडप्यांकडे बघत नव्हता तो. माझ्याकडे बघत होता. "इतिहास तिथेच थांबतो."

माझे सगळे शिक्षकही मान वळवून तेच ऐकत होते. मोठ्या बाईंनी मला कोपर मारलं. "अगं, आता तू बोल की. पुढचं तुझं आहे."

"हे दीपगृह..." मी सुरू केलं. "हे दीपगृह बांधलं गेलं..." साल आठवेना! मला, सनावळीला, साल आठवेना. खाली बसचा हॉर्न वाजला. थोड्या वेळानं तो एका बसमध्ये असणार आणि मी दुसऱ्या.

मी डोळे मिटले आणि आयुष्यातली पहिली थाप मारली.

"त्या मुलीनं... उत्तर दिलं होतं," मी म्हणाले. "ती म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच्या पापण्यांवर पाऊस होता तेव्हाच. पण दगडावर कोरलेलं नव्हतं, म्हणून बोलले नाही."

घोरणाऱ्या नवरीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"पुरावा?" मोठ्या बाई म्हणाल्या. जन्माची सवय, दुसरं काय!

"नाही बाई," मी म्हणाले. "पुरावा नाही."

तेवढ्यात वाऱ्यानं माझी छत्री उलटी केली, हातातून हिसकावली आणि फीत-रुमालासकट समुद्रात नेली. मी तिच्यामागे धावले ती त्याच्यापाशीच जाऊन थांबले. त्यानं आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली. तिचीही एक काडी वाकली होती. आम्ही तसेच चालायला लागलो... आणि उतार संपल्यावर लक्षात आलं, की आता छत्री एकच उरल्यामुळे शिक्षक, जोडपी, सगळी वरात आमच्यामागे येऊन एकाच बसमध्ये चढली होती. मोठ्या बाईंच्या मांडीवर हनिमूनवाल्यांची बॅग. दुसरा ड्रायव्हर रिकाम्या बसमध्ये बसून कपाळ बडवत होता.

मावशी फोनवर ओरडली, "माणूस हरवू नकोस म्हणाले होते! पळवून आण असं कुठे म्हणाले होते?"

"एकालाच पळवलंय, मावशी. बाकीचे आपणहून आले."

या गोष्टीला आता किती वर्षं झाली! मागच्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा तिथे गेलो, साधे प्रवासी म्हणून, दुसऱ्याच कंपनीच्या बसमधून. गाईड एक चुणचुणीत मुलगी होती. दीपगृहापाशी तिनं सुरू केलं, "फार जुनी दंतकथा आहे. इथे एक थापाडा पोरगा दिवा सांभाळायचा..."

त्यानं माझा दंड दाबला. मी श्वास रोखून ऐकत होते.

"...शेवटी त्या मुलीनं उत्तरच दिलं नाही, आणि इथून समुद्रात उडी मारली."

"छत्रीनं मारली!" माझ्या तोंडून निघालंच. "तिनं नाही! तिनं उत्तर दिलं होतं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाईड गोड हसून म्हणाली, "मॅडम, पुरावा आहे का?"

माझ्या शेजारचा पुरावा खदाखदा हसत होता. केस पांढरे, गुडघे दुखरे, आणि वरून येणारी पावसाची भुरभुर पापण्यांवर झेलत. "दाखव ना," तो कुजबुजला.

मी पिशवीतून ती जुनी पिवळी छत्री काढली, वाकलेल्या काडीची, आणि त्याच्या डोक्यावर उघडली. मग आम्ही एकमेकांना धरून सावकाश उतार उतरायला लागलो.

खाली पोचून मागे वळून बघते, तर अर्धी बस आमच्यामागे चालत आली होती.