हातचा एक

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू दे! पण बदलापूरच्या शाळेत मी शिपाई होतो, घंटा माझ्या हातात होती, आणि सांगतोय ते या डोळ्यांनी पाहिलंय. अजून एकानंही विश्वास ठेवलेला नाही. आमच्या गयाबाईनं तर नाहीच. ती बघा, डाळिंब्या सोलत बसलीय, पण कान इकडेच.

दोन हजार चारची गोष्ट. आमच्या शाळेत प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शाब्दिक उदाहरणं पोरांकडून कशी सोडवून घ्यायची, याचं. चामटोलीच्या मनालीबाई फळ्यापाशी गेल्या. "मूल अडलं, की आधी चित्र काढायला सांगायचं," म्हणाल्या आणि पेरूंची टोपली काढली. काय टोपली! वर्गभर पेरूचा वास सुटला. केंद्रप्रमुखांनी तर खिशातून मिठाची पुडी काढली.

मग पालेगावचे धम्मदीप सर उठले. साधी बेरीज होती हो. पण बाई खडूची बोटं पदराला पुसत होत्या, आणि सर... सरांचं लक्ष त्या बोटांकडे.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "हातचा राहिला."

सगळे हसले. सरांचे कान लाल.

"कुठे ठेवायचा असतो... हातचा?"

बाईंनी डाव्या हाताचं एक बोट उभं केलं. "असा. बेरीज पुरी होईपर्यंत खाली घ्यायचा नाही."

झालं! तिथंच गेला मास्तर.

पुढे दर महिन्याला बैठक. मधल्या सुट्टीत दोघं व्हरांड्यात, आणि मी घंटा द्यायला उशीर करायचो. एकदा तर इतका उशीर केला, की चौथीच्या पोरांना मिसरूड फुटलं!

"बाई, एक उदाहरण अडलंय," सर म्हणाले. "पालेगावहून एक मास्तर निघतो, चामटोलीहून एक बाई. भेट कुठे होईल?"

"माहिती अपुरी आहे."

"काय राहिलं?"

"एक शब्द." बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. "मास्तरांनी सांगायचा."

सरांनी तोंड उघडलं. "ते... म्हणजे... पुढच्या बैठकीत सांगतो."

घ्या! पुढची बैठक यायच्या आत बाईंची बदली आली. मोखाडा, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मोबाईल आले होते तेव्हा, पण तिकडे रेंजसाठी डोंगर चढावा लागायचा. बदलीची बातमी आल्यापासून इकडे सरांच्या प्रत्येक उदाहरणात पेरू. दूधवाला पेरू मोजतो, शिंपी पेरू बेततो, पाण्याच्या टाकीत पेरू पडतात. पोरं वैतागली. सर मात्र फळ्यावर पेरू काढायचे, आणि पुसताना हात अडायचा त्यांचा.

निघायच्या सकाळी मांजर्लीत बाईंच्या भाड्याच्या खोलीशी टेंपो लागला. गादीची वळकटी, बादलीत कोंबलेली भांडी. ट्रंक मीच चढवली. सर कोपऱ्यावर विजेच्या खांबाला टेकून उभे, जणू खांब पडेल म्हणून धरलाय.

"अजून अडलंय?" बाईंनी टेंपोच्या खिडकीतून विचारलं.

सर खांब सोडून खिडकीपाशी आले.

"पुढून जमत नसलं, तर उत्तरापासून मागे यावं. पोरांना सांगतो ना आपण?" आवाज भिजला होता त्यांचा. "शेवटी काय हवंय, ते आधी धरायचं, सर. मग वाट सापडते."

टेंपो घरघरला. सर काहीतरी बोलले — नेमकं तेव्हाच! मला सरांच्या शेजारी उभ्याला ऐकू आलं नाही, तर बाईंना काय येणार? मग सरांनी डाव्या हाताचं बोट उभं केलं. हातचा. खिडकीतून बाईंचंही एक बोट वर आलं... वळणापर्यंत दिसत होतं. मग नुसता धुरळा.

तेव्हापासून सांगतो, सरांचं ते बोट खाली आलेलं नाही! झोपेत उभं, आंघोळीला उभं. सदरा घालताना बाही फाटते. हात केला समजून रिक्षावाले थांबतात, शिव्या देऊन जातात. चिमणीनं घरटं बांधायला काडीसुद्धा आणली होती. आजही संध्याकाळी पालेगावच्या वेशीवर सर एकटेच उभे असतात, बोट वर, नजर मोखाड्याच्या दिशेला...

"अहो, खोटं!" गयाबाईनं परात आपटली. "साफ खोटं! पालेगावात कुठला उभा? सगळे जिथून बदली करून पळतात, त्या मोखाड्याची बदली त्यानं मागून घेतली, ते नाही सांगत? परवाच दोघं जेवायला आली होती आपल्याकडे. अख्खं जेवण होईस्तोवर त्याचं ते डावं बोट मनालीच्या मुठीत — पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलून द्यावा लागला!"