टोपण बदलायचा वार

बसा, खुर्च्या ओढून घ्या. बॅगा सगळ्या वॉर्डांत पोचल्यात, आता तासभर आपल्याला कोणी विचारणार नाही. आणि ए, दाराजवळची, ते दार जरा लोटून घे. मघाशी तूच म्हणालीस ना, भूतबीत काही नसतं म्हणून? बरोबर आहे तुझं. मीही तेच म्हणायचो. तीस वर्षं या खोलीत शिरेतून द्यायच्या जेवणाच्या बॅगा भरतोय. इथे भुताला यायचं झालं तर त्यालाही टोपी-मास्क घालूनच यावं लागेल. पण ही गोष्ट ज्यांच्यावर गुदरली, ते डॉक्टर थापा मारणाऱ्यातले नव्हते. त्यांना साधी थट्टासुद्धा जमायची नाही.

आपले आतडीवाले डॉक्टर. तुम्ही नवीन आहात, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. ज्यांचं आतडं कापून टाकावं लागलंय, किंवा असून नसल्यासारखं झालंय, असे सगळे पेशंट त्यांचे. पोटात घातलेलं अंगाला लागतच नाही, म्हणून रात्रभर छातीतल्या नळीतून जेवण. डॉक्टर एकेका पेशंटची शीर न् शीर ओळखायचे.

एकोणीस जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी साडेसहाला ते इथे आले, अगदी या टेबलाशी, आणि म्हणाले, "मास्तरांच्या मुलीची बॅग द्या. आज मीच घेऊन जातो."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, हात सतत थरथरणारे. मुलगी चोवीस वर्षांची. चौदाव्या वर्षी तिच्या आतड्याला पीळ पडला आणि एका रात्रीत जवळजवळ सगळं आतडं काढावं लागलं. तेव्हापासून नळी. दहा वर्षांत नळ्या घालून घालून मानेच्या, मांडीच्या सगळ्या शिरा बुजल्या होत्या. उजव्या छातीतली एक शीर तेवढी उरली होती. ती गेली की संपलं, नळी घालायला दुसरी जागाच नाही. हे तिलाही माहीत होतं. तरी घरी बसून मुलांना चित्रकला शिकवायची, हसायची, जगायची तिला भारी हौस.

त्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घरी येणारी नर्स तापाने आडवी. मास्तरांचे हात असे. आणि शुक्रवार हा त्या घरात टोपण बदलायचा वार. नळीच्या टोकाचं टोपण आठवड्यातून एकदा बदलावं लागतं. रोजच्या जोडणीत नळी उघडी पडत नाही, पण त्या दिवशी काही क्षण ती खरोखर उघडी असते. तेवढ्यात जंतू शिरला तर ताप, हवा शिरली तर मिनिटात खेळ खल्लास. म्हणून नळीवर चाप असतो. आधी चाप बंद करायचा, मगच टोपण काढायचं. खिडकी बंद, पंखा बंद. आणि नळी उघडी असेपर्यंत खोलीत कोणी चकार शब्द काढायचा नाही.

हे सगळं दहा वर्षं तिची आई करत होती. आम्ही तिला काकू म्हणायचो. बाई कसली, तोफ होती! नळीला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. डॉक्टर आले तरी, "हात धुतलेत? पुन्हा धुवा. माझ्यासमोर." स्वतः धुताना मोठ्याने साठ आकडे मोजायची. हात धुऊन मागे लागणं म्हणजे काय, ते आम्ही तिच्याकडूनच शिकलो. दहा वर्षांत त्या नळीपायी मुलीला एकदाच ताप आला, तोसुद्धा इथल्या वॉर्डात कोणीतरी हात लावल्यावर. त्या वेळी काकू डॉक्टरांना म्हणाली होती, "डॉक्टर, एक सांगून ठेवते. मी गेले ना, तर हिला परक्या हातात ठेवून जायची नाही. बरोबर घेऊन जाईन."

आई आहे, बोलते झालं, म्हणून सगळे हसले. डॉक्टरही हसले.

सत्तावीस डिसेंबरला काकू गेली. झोपेतच, हृदय बंद पडून. म्हणजे त्या शुक्रवारी तेविसावा दिवस.

तर डॉक्टर निघाले. मास्तरांचं घर गावाच्या टोकाला, दुमजली. खाली बैठक नि स्वयंपाकघर, वर मुलीची खोली आणि खोलीला लागूनच न्हाणीघर. न्हाणीघराचं दार फक्त त्या खोलीतच उघडतं. हे नीट लक्षात ठेवा.

डॉक्टर पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. बॅग फ्रिजच्या गारठ्यातून बाहेर येईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मास्तरांनी चहा टाकला. निम्मा चहा बशीत सांडला. मुलीने आपल्या प्लास्टरवर काढलेलं मांजर दाखवलं.

"हे मांजर आहे?" डॉक्टर म्हणाले. "मला आतडं वाटलं."

"तुम्हाला सगळीकडे आतडंच दिसतं, सर."

नऊ वाजता मास्तर वर आले आणि बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बायको असतानाही ते तिथेच बसायचे. डॉक्टरांनी खिडकी लावली, पंखा बंद केला. न्हाणीघरात जाऊन मिनिटभर हात धुतले आणि कोपराने नळ बंद केला. न्हाणीघराचं दार पायाने नीट लोटून घेतलं. मुलगी आडवी झाली. तिचा मास्क चढवला. तिने सवयीप्रमाणे तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर पलंगाशी स्टुलावर बसले. न्हाणीघर त्यांच्या पाठीशी. हातमोजे चढवले. आता या हातांनी फक्त नळी. दुसऱ्या कशालाही स्पर्श नाही. फोन नाही, दार नाही, स्वतःचं नाकसुद्धा नाही.

चाप बंद केला. टक्. पुन्हा तपासला. बंद. ही गोष्ट त्यांनी मला पाच वेळा तरी सांगितली, चाप मी बंद केला होता म्हणून.

जुनं टोपण फिरवून काढलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि मागे नळ सुरू झाला.

डॉक्टरांना वाटलं, आपलाच सैल राहिला असेल. पण थेंब थेंब नव्हता पडत. धार लागली होती, आणि त्या धारेत कोणीतरी हात चोळत होतं. पाणी तुटत होतं, पुन्हा पडत होतं. साबण बशीत ठेवल्याचा आवाज आला. मास्तर असतील... पण मास्तर येणार कुठून? न्हाणीघरात जायचं तर याच खोलीतून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

मागे वळून बघावं, तर हातात उघडी नळी. डाव्या हाताच्या बोटांत नळीचं टोक, उजव्यात नवीन टोपण. हात जरा हलला, नळी पलंगाच्या चादरीला लागली, तर शेवटची शीर गेली. हाक मारावी, तर तोंड उघडायचं नाही. त्यांनी टोपण बसवायला घेतलं. बोटं ऐकेनात. हजारो टोपणं बसवलेला माणूस, पण त्याला आटे लागेनात.

आणि नकळत ते मनात मोजायला लागले होते. अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ.

नळ बंद झाला.

न्हाणीघराचं दार करकरलं. ओल्या पायांचा आवाज. एक पाऊल. मग दुसरं. मग काहीच नाही.

मग चट्. हातमोजा मनगटावर बसतो ना, तो आवाज. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा ऐकता.

आणि पुन्हा... चट्.

 डॉक्टरांना मान वळवायची हिंमत होईना. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिचं तोंड भिंतीकडे असायला हवं होतं. ते नव्हतं. ती हळूहळू इकडे वळली होती, आणि बघत होती. डॉक्टरांकडे नाही. त्यांच्या खांद्याच्या वर.

तिचे डोळे भरून आले होते.

साबणाचा वास आला. अगदी कानाशी. मानेवर एक थेंब पडला, बर्फासारखा गार. मागून श्वास ऐकू येत नव्हता. एवढ्या जवळ उभ्या असलेल्या कोणाचातरी श्वास ऐकू यायला हवा ना?

नव्हता येत.

मग हाताखाली आवाज झाला. टक्.

डॉक्टरांनी खाली पाहिलं. चाप उघडला होता.

त्यांचे दोन्ही हात नळीच्या टोकाशी होते. चाप तिथून वीतभर वर. त्याला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे... त्यांनी तरी लावला नव्हता.

"परक्या हातात ठेवून जायची नाही." तेव्हा त्यांना ते वाक्य आठवलं.  आता मुलीने एक श्वास घेतला की हवा सरळ हृदयात. आपली बोटं कशी हलली, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. टोपण टाकून दिलं, नळी दुमडली आणि चिमटीत घट्ट धरली. जीव एकवटून धरली.

तेव्हा ओढ लागली.

हिसका नव्हता. हळू, मायेने लागावी तशी ओढ. झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं सोडवून घ्यावं ना, तशी. नळी त्यांच्या चिमटीतून कणाकणाने सरकायला लागली. हातमोजे गुळगुळीत. डॉक्टर धरून बसले. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नाही.  एक मिनिट. दोन. बोटं बधिर झाली. त्यांनी मला नंतर सांगितलं, "मी घाबरलो होतो हो. सोडून पळून जावं असं वाटलं. खरंच वाटलं." हे सांगताना त्यांना रडू आवरलं नाही.

नळी आणखी जराशी सरकली.

आणि ती मुलगी बोलली. दहा वर्षांत पहिल्यांदा, नळी उघडी असताना.

"आई..."

ओढ थांबली.

मुलीने मान हलवली. नाही, अशी.

"आई, नको. मला राहायचंय."

 घड्याळाचा काटा तेवढा वाजत होता. डॉक्टरांच्या मानेवर आणखी एक थेंब पडला. हा गरम होता.

मग ओली पावलं. एक. दोन. दार करकरलं.

नळी सैल झाली.

पुढचं सगळं डॉक्टरांनी यंत्रासारखं केलं. चाप बंद. दुसरं नवीन टोपण. ते पहिल्या फिरकीत बसलं. बॅग जोडली, चाप उघडला, पंप सुरू केला. पांढरंशुभ्र दुधासारखं जेवण नळीत उतरायला लागलं. नऊ वाजून सव्वीस मिनिटं. मग उठून न्हाणीघराचं दार पायाने ढकललं. आत कोणी नाही. फरशी ओली होती, पण ती त्यांच्या हात धुण्यानेही झाली असेल. तुम्ही असं म्हणाल, म्हणून मीच आधी सांगतो.

त्यांनी खोलीचं दार उघडलं तेव्हा मास्तर खुर्चीतच होते. चेहऱ्यावर अगदी समाधान.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही दोनदा हात धुतलेत. मी ऐकलं. ती असती तर खूश झाली असती हो."

 

डॉक्टर रात्रभर तिथेच बसले. तासातासाला मुलीचा ताप बघायचे, थंडी वाजतेय का विचारायचे. ताप आला नाही. त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, पुढेही नाही. मुलगी आजही आहे. ती बॅग तिचीच, मघाशी घरी पाठवायला मी तुझ्या हातात दिलेली. प्लास्टर निघाल्यावर सगळं स्वतः शिकली. फक्त हात धुताना मोजत नाही. एकदा मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "काका, मी मोजायला लागले की दुसरा आवाज येतो."

डॉक्टरांनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली.

त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी ते इथे आले होते. बॅग नेलेली गारव्याची पेटी परत द्यायला. डोळे तांबारलेले. त्यांनी ही सगळी हकीकत सांगितली. आता मीही तुमच्यासारखाच. म्हटलं, "सर, तुम्ही सलग दोन दिवस ड्युटीवर होतात. डुलकी लागली असेल. चाप सैल असेल. नळ गळत असेल."

 त्यांनी पेटीतून कचऱ्याची पिशवी काढली. रात्रीचा वापरलेला माल ते नेहमी मोजून परत आणायचे, तशी शिस्तच होती त्यांची. पिशवी या टेबलावर उघडली. आतलं एकेक पुढे ठेवलं. जुनं टोपण. टाकून दिलेलं टोपण. सिरिंज. हातमोजे दोन, आठ नंबरचे, त्यांचे. मी स्वतः दिलेले.

आणि तिसरा.

डाव्या हाताचा. साडेसहा नंबरचा, एवढासा. डॉक्टरांची चार बोटंसुद्धा त्यात गेली नसती. त्यांच्या घरी जाणाऱ्या नर्सबाई सात नंबर वापरायच्या. मी कपाट तपासलं, वही तपासली. काकू गेल्यापासून साडेसहाचं एकही पाकीट इथून बाहेर गेलेलं नव्हतं. हातमोजा शिकवतो तसाच काढलेला, आतली बाजू बाहेर. रात्र उलटून गेली होती, तरी तो ओलाच होता. हाताला साबण लागला.

मी विचारलं, "सर, आणि उजव्या हाताचा?"

डॉक्टरांनी मान हलवली. पलंगाखाली बघितलं होतं. न्हाणीघरात बघितलं होतं. त्या घरात तो कुठेच नव्हता.