कोरडा येऊ नकोस

ही ऐकीव गोष्ट नाही. एल्झीकाकांनी जे पाहिलं ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, आणि शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

रात्र नव्हती. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे मुद्दाम वाचावं. २०१६ चा ऑगस्ट, तिसरा शनिवार, दुपारचे चार. मिसिसिपीत त्या वेळी ऊन असं असतं की कुत्रंसुद्धा घराखाली शिरून बसतं.

जागा... केन ओढ्याच्या काठची बॉटम वस्ती.

वस्ती म्हणायची आपली सवय. घर एकच उरलं होतं, एल्झीकाकांचं.

एल्झी ट्रॉटर हे माझ्या लुवेनियामावशीचे यजमान. वय एक्याऐंशी. मूलबाळ नाही. मावशीला जाऊन आठ वर्षं झालेली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला लाकडाला काळं तेल पाजायचा कारखाना होता. रेल्वेरुळांखालचे लाकडी स्लीपर आणि विजेचे खांब कुजू नयेत म्हणून त्यांना हे तेल, क्रिओसोट, पाजायचे. डांबरासारखा उग्र वास. वस्तीतले बहुतेक पुरुष तिथेच कामाला. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली. माणसं गेली, यंत्रं भंगारात गेली, तेल तेवढं राहिलं. मातीत मुरलं, ओढ्याच्या तळाला बसलं. शेवटी सरकारने घरं विकत घेऊन पाडली आणि लोक हायवेपलीकडे राहायला गेले.

मागे उरल्या त्या सिमेंटच्या पायऱ्या. प्रत्येक अंगणात तीन पायऱ्या, आणि वर काहीच नाही.

काका संध्याकाळी त्या रस्त्याने फिरायचे तेव्हा पायऱ्यांकडे बघून हात हलवायचे. मी एकदा हसलो. तर म्हणाले, "पन्नास वर्षं या दारांना हात केला. आता दार नाही म्हणून ओळख सोडायची?"

पांढरे, डोक्यापासून पायापर्यंत बंद कपडे घातलेली माणसं माती खणायला यायची. मावशीचा टोमॅटोचा वाफा त्यांनी कमरेएवढा खणून नेला. वाफ्याच्या कडेला कारखान्याने फुकट दिलेले रुळांचे जुने स्लीपर होते, तेही नेले. काका शेजारी चपला घालून उभे. "मी त्यांना लिंबाचं सरबत विचारलं," ते मला म्हणाले. "चंद्रावर आलेल्या माणसासारखी त्यांनी मान हलवली. नको म्हणाले."

महिनाअखेर काकांनाही घर सोडायचं होतं. माझ्याकडे यायचं ठरलेलं. पण त्याआधी एक गोष्ट राहिली होती.

काकांचा बाप्तिस्मा झाला नव्हता.

आमच्याकडे ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी ओढ्याच्या वळणावर बाप्तिस्मा व्हायचा. सगळी वस्ती काठावर. पाद्री कमरेएवढ्या पाण्यात. पांढरे झगे घातलेली पोरं एकामागून एक उतरायची, बुडून वर यायची. मी त्रेसष्ट साली उतरलो. नऊ वर्षांचा होतो. माझ्या मागे माझा धाकटा भाऊ ऑटिस, सात वर्षांचा.

चर्चचे ते झगे मावशी धुवायची. पाण्यातून बाहेर आलेल्या झग्याला गुडघ्यापर्यंत तपकिरी डाग असायचा. साबण, नीळ, मीठ, लिंबू, सगळं करून झालं. डाग काही जायचा नाही. मग ती खालची पट्टी कापायची आणि नवी किनार दुमडून शिवायची. दरवर्षी झगे आखूड होत गेले. बायका तिला चिडवायच्या, "लुवेनिया, पुढल्या साली देवाला आमचे गुडघे दिसतील गं."

चौऱ्याहत्तर साली पोरांच्या पायांना फोड आले. ओढ्यात उतरणं सुटलं आणि चर्चने आत हौद बांधला.

काका मात्र ना ओढ्यात उतरले, ना हौदात. मावशीने चाळीस वर्षं सांगून पाहिलं. सहासष्ट साली त्यांच्या मापाचा झगा शिवला. तो तसाच ट्रंकेत पडला. कारखान्यातले सोबती म्हणायचे, "एल्झी मागल्या जन्मी मांजर होता." काका हसायचे आणि विषय टाळायचे.

मावशीने जाताना त्यांचा हात धरला होता. मी तिथे होतो.

"मी पलीकडच्या काठावर थांबेन, एल्झी," ती म्हणाली. "पण कोरडा येऊ नकोस."

त्या उन्हाळ्यात काकांनी स्वतःहून चर्चला फोन केला. तिसऱ्या रविवारी येतो म्हणाले. आता वाट बघायला लावणं बरं नाही, एवढंच मला म्हणाले.

बुधवारी त्यांनी ट्रंक उघडली. झगा पांढराशुभ्र. कापराचा वास. इस्त्री करून त्यांनी तो खोलीच्या दाराला टांगला.

गुरुवारी चार वाजता काका व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. ऑगस्टात झाडांवरचे किडे दिवसभर किरकिरतात. कान किटतात.

ते थांबले.

एकदम. कुणीतरी बटण दाबावं तसे.

आणि मग... करकर.

लोखंडी चाक फिरल्याचा आवाज. एक फेरी. दोन. तीन. मग थांबलं, जणू अडकलं. मग जोर लावून... चौथी.

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हा आवाज त्यांनी एकोणतीस वर्षं ऐकला होता. त्यांच्याच हातांनी निघायचा तो. कारखान्यात तेलाची मोठी लोखंडी टाकी होती, तिच्या झडपेचं ते लाल चाक. तिसऱ्या फेरीला अडायचं.

ते चाक तीस वर्षांपूर्वी भंगारात विकलं गेलं होतं.

मग घराशेजारच्या चरातून पाणी वाहू लागलं. खळखळ स्पष्ट ऐकू येत होती. काका काठी टेकत गेले, वाकले, चरात हात घातला.

चर कोरडा. भेगा पडलेला.

शुक्रवारी पुन्हा तसंच, चार वाजता. आत येऊन पाहतात तर झग्याची खालची किनार ओली. दोन बोटं. छप्पर गळलं म्हणावं तर तीन आठवडे पाऊस नव्हता. त्यांनी झगा ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली पट्ट्याला अडकवली.

शनिवारी ते मुद्दाम घड्याळ समोर ठेवून बसले.

चार.

किडे थांबले.

एक फेरी. दोन. तीन...

काका चौथीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही.

त्याऐवजी घराच्या मागून आवाज आला.

टप... टप...

मागे कपडे वाळत घालायची तार होती. मावशी गेल्यापासून रिकामी. काका कपडे धुवायला माझ्याकडे आणत.

तारेवर झगा होता.

निथळत होता. गुडघ्यापर्यंत तपकिरी. वास तोच, डांबराचा. खांद्यांना दोन चिमटे आणि मधे एक, ओल्या कापडाला झोळ येऊ नये म्हणून. तसे तीन चिमटे फक्त मावशी लावायची.

थेंब पडत होते. आवाज येत होता. खालची माती मात्र कोरडी ठणठणीत.

काका आत गेले. ट्रंकेचं कुलूप जागेवर. किल्ली पट्ट्याला. उघडलं तर आत फक्त कापराच्या वड्या.

मी असतो तर पळालो असतो. काका म्हणाले, पळून जायला शेजारच कुठे होता? मावशी असती तर तिने जे केलं असतं, तेच करायचं त्यांनी ठरवलं. डाग कापून काढायचा. मावशीची कात्री शोधायला त्यांनी तिचा शिवणाचा डबा काढला. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आठ वर्षांत उघडला नव्हता.

वर कात्री होती. खाली पट्ट्या.

झग्यांच्या कापलेल्या, डागाळलेल्या पट्ट्या. एकीवर एक, नीट गुंडाळून ठेवलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल दोऱ्याने साल भरलेलं. सर्वांत खालची त्रेसष्टची. तिला आणखी काहीतरी जोडून शिवलं होतं.

निळ्या जाड कापडाचा तुकडा. काकांच्या कामाच्या सदऱ्याची बाही, मनगटाजवळची. तिच्यावरही डाग. रंग तोच, वास तोच.

सहा वाजता मी तळलेले मासे घेऊन पोचलो तेव्हा काका पायरीवर बसले होते. पट्ट्या मांडीवर. मासे तसेच गार झाले. त्यांनी वर लिहिलेलं सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "थेरॉन, ते चाक मी फिरवत होतो."

मला कळेना.

त्यांनी सांगितलं. दर शनिवारी चार वाजता टाकीच्या तळाचं पाणी चरात सोडायचं काम त्यांचं. चर ओढ्याला मिळतो. शनिवारी चारला सोडलेलं पाणी रविवारी सकाळपर्यंत वळणावर पोचायचं. बाप्तिस्म्याच्या वळणावर. पहिल्यांदाच त्यांनी मुकादमाला विचारलं होतं. तो म्हणाला, पाणीच आहे, एल्झी, जरा रंग आलाय एवढंच.

"मी ते मानलं," काका म्हणाले. "मग झग्यांचे डाग पाहिले. त्यानंतरही फिरवत राहिलो. तोंडाने नाही म्हणता आलं नाही. पायांनी म्हटलं. मी स्वतः कधी उतरलो नाही."

मी उठलो. गाडीत जाऊन बसलो. ऑटिस चौतिसाव्या वर्षी गेला होता, यकृत खराब होऊन. कशाने, ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही, आणि मी आजही ते छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्टिअरिंग धरून किती वेळ बसलो ते आठवत नाही. समोर त्या पायऱ्या. आमच्या घराच्याही.

मग परत आलो. काका होते तसेच बसलेले.

"मावशीला का नाही सांगितलंत?"

"वाटलं, ती विचारेल."

त्यांनी तो निळा तुकडा माझ्या हातात दिला. "माझा सदरा आणि चर्चचे झगे एकाच बाईने धुतले, थेरॉन. पहिल्याच वर्षी ओळखलं तिने. आणि पंचेचाळीस वर्षं मी सांगेन म्हणून थांबली."

तेव्हा मी ऐकलं. मी, माझ्या कानांनी.

किडे थांबले. आणि कारखान्याच्या बाजूने... करकर.

एकच फेरी.

"चौथी," काका म्हणाले.

आम्ही मागे गेलो. झगा तारेवर होता. कोरडा. पांढराशुभ्र.

रविवारी मी त्यांना चर्चला नेलं. हौदात उतरण्याआधी पाद्रीबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. काकांनी उत्तरं दिली आणि म्हणाले, अजून थोडं बोलायचंय. मला सांगितलं तेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, चार वाक्यांत. बाकांवर बसलेले अर्धेअधिक त्या ओढ्यातून वर आलेले. दोन लेकी पुरलेल्या व्हर्लीनबाई पहिल्या बाकावर होत्या. त्यांच्या हातातला पंखा थांबला.

बराच वेळ थांबला.

मग पुन्हा हलू लागला. "उतर, एल्झी," त्या म्हणाल्या. "पाणी गार होतंय."

हौदाचं पाणी काचेसारखं होतं. तळाच्या निळ्या फरशा मोजता आल्या असत्या. काका बुडाले, वर आले, पायऱ्या चढले.

झगा गुडघ्यापर्यंत तपकिरी होता.

पाद्रीबाई म्हणाल्या, नळाला गंज असेल. म्हाताऱ्या माणसांपैकी कुणी मान डोलावली नाही. वास सगळ्यांना आला होता.

काका माझ्याकडे राहायला आले आणि नोव्हेंबरात झोपेतच गेले. झगा मी तीनदा धुतला, डाग गेला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे तोच घालून पुरलं, डागासकट. पेटीचं झाकण मी स्वतः लावलं. तोवर किनार शाबूत होती. हे मी शपथेवर सांगतो.

पुढच्या मार्चमध्ये सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून मी मावशीचा डबा उघडला.

सगळ्यांत वर एक नवी पट्टी होती.

तपकिरी. नीट गुंडाळलेली. टोकाला लाल दोऱ्याने साल भरलेलं, २०१६. मावशीचा सहा नेहमी उजवीकडे कलायचा. हाही कललेला.

काकांचा झगा जमिनीखाली आहे. त्याची पट्टी माझ्याकडे.

तिने डाग कापून घेतला, किनार शिवली, आणि ते भिजून पोचले, असं मी मनाला सांगतो. रोज सांगतो.

पण पट्टीशेजारी सुई होती. तिच्यात पांढरा दोरा ओवलेला. टोकाला गाठही मारलेली. शिवायला घ्यायचं, एवढंच बाकी. कुणाची किनार, ते कळत नाही.

त्या ओढ्यात उतरलेल्यांपैकी आता, इतक्या वर्षांनी, आम्ही तिघंच उरलो आहोत.

दोरा मी काढलेला नाही. आणि दर शनिवारी, चारच्या सुमाराला, किडे किरकिरत आहेत ना, एवढं ऐकत बसतो.