सातवी सही

कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी मिस्त्रीशी बंगालीत भांडत होते. पोलिओ झालेल्या एका मुलीचं कॅलिपर, म्हणजे अशक्त पायाला आधार म्हणून बांधायच्या लोखंडी पट्ट्या, त्याने दुरुस्त करून दिलं होतं. पण बिजागरी उलटी बसवून. तिसऱ्यांदा समजावताना मी थकले आणि तोंडातून मराठी निघालं, "कपाळ माझं."

"इकडे द्या," मागून कुणीतरी म्हणालं. "कपाळ नाही... पट्टी."

वळून पाहिलं. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, मनगटाला ग्रीस. चारुदत्त पाटणकर, मेकॅनिकल इंजिनिअर, सरकारी कंपनीतून बदली होऊन कलकत्त्यात आलेला, तोही अकराच दिवसांपूर्वी. त्याने खडूने जमिनीवर आकृती काढली, मिस्त्रीने मान डोलावली आणि वीस मिनिटांत काम झालं. मला रागच आला. मग मी इतका वेळ घसा कशाला कोरडा केला?

"चहा खाणार?" मी विचारलं.

"खाईन की. ताटात वाढणार, का पानावर?"

माझा जन्म इथला. बंगालीत पाणीसुद्धा खातात, आणि माझं मराठी कधीमधी त्याच वाटेने जातं. त्यावरून कुणी हसलं की एरवी मला झोंबतं. त्या दिवशी झोंबलं नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

मी फिजिओथेरपिस्ट. त्या काळी, म्हणजे त्र्याहत्तर साली, आम्ही कॅलिपर मुंबईहून मागवत असू. ते यायला सहा महिने लागत, तोवर मूल दोन बोटं वाढलेलं असे आणि कॅलिपर आखूड पडे. चारुदत्त म्हणाला, "इथल्या इथे आठ दिवसांत होईल." एवढ्या एका वाक्यावर आमची संस्था उभी राहिली.

रविवारी सकाळी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या व्हरांड्यात आम्ही मुलांची मापं घ्यायचो. उन्हाळ्यात वीज गेली की चारुदत्त कठड्यापाशी बसून रिव्हेट ठोकायचा आणि मी पुठ्ठ्याने वारा घालायचे – मुलांना. त्यातला थोडा त्याच्याकडे गेला, तर त्याला माझा इलाज नव्हता.

"वारा चुकून येतोय, की मुद्दाम?" तो मान वर न करता विचारायचा.

"रिव्हेट नीट ठोका," मी म्हणायचे... आणि पुठ्ठा तिकडेच राहायचा.

एका निवृत्त प्राध्यापकांनी आपला तळमजला द्यायचं कबूल केलं. अट एकच, महिनाअखेरपर्यंत संस्था नोंदलेली हवी. संस्थेची घटना मी लिहिली. कलकत्त्यात मराठी माणसं मूठभर, पण रुसवे पसाभर. नवरा, बायको आणि मेहुण्याने मिळून बुडवलेलं एक मंडळ मी लहानपणी पाहिलं होतं. म्हणून कलम नऊ घातलं: संस्थापकांत कुणाचं कुणाशी नातं नसावं. नोंदणीला सात सह्या लागत होत्या. सातवी चारुदत्तची.

कचेरीतल्या वयस्क बाबूंनी अर्ज वाचला आणि बोट टेकवलं. "दोघांचा पत्ता एकच?"

चूक आमच्या लोकांच्या सवयीची होती. बदली होऊन आलेला मराठी माणूस, मग तो फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीतला सुभेदार असो की बँकेचा मॅनेजर, घर मिळेपर्यंत पत्ता द्यायचा तो 'द्वारा श्यामराव मोघे'. श्यामराव म्हणजे माझे बाबा. चारुदत्त मेसमध्ये राहायचा, पण त्याचाही हात आपोआप तेच लिहून गेला होता.

"तुम्ही पतिपत्नी?" बाबूंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"अजून... नाही," चारुदत्त म्हणाला.

बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. "मग नातं नाही, असं दोघांनी लिहून द्या. कलम तुमचंच आहे."

बाहेर जिन्यावर मी कागद आणि पेन पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"आज नातं नाही हे खरं," तो म्हणाला. "पण मला ते जोडायचंय. मनात एक ठेवून संस्थेच्या पहिल्याच कागदावर दुसरं कसं लिहू?"

मला एकदम आनंद झाला आणि त्याच क्षणी संतापही आला. "तीन दिवस उरलेत. जागा जाईल. सेहेचाळीस मुलं यादीत आहेत. हे सांगायला आजचाच मुहूर्त सापडला?"

"बाबूंनी विचारलं म्हणून... तुम्ही तर कधी विचारलंच नाहीत." मग तो शांतपणे म्हणाला, "मला उत्तर नकोय. सातवं नाव आणून देतो. मी बाहेर राहीन."

मी एकटीच ट्राममध्ये चढले. मला तो हवा होता आणि संस्थाही हवी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

तिसऱ्या दिवशी बागबाजारहून सुहासिनीबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक. "तो पाटणकर तीनदा येऊन बसला," त्या म्हणाल्या. "मी सही करते म्हटल्याशिवाय उठेना." सात सह्या झाल्या, शिक्का बसला, तळमजला मिळाला. ज्याच्या एका वाक्यावर हे सगळं सुरू झालं, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. रविवारी तो नेहमीसारखा आला आणि रिव्हेट ठोकत बसला. त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. वाट मीच पाहत होते.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी रंगारी फलक रंगवायला आला. 'सचिव' लिहून थांबला आणि म्हणाला, "दिदि, पूर्ण नाव सांगा."

"शकुन श्यामराव मोघे."

"मधलं नाव कुणाचं?"

"वडिलांचं. आमच्यात लग्नाआधी वडिलांचं लावतात, नंतर नवऱ्याचं."

"नीट ठरवून सांगा हं. तेलरंग आहे, मागून पुसता येत नाही."

कोपऱ्यातली ठोकाठोक थांबली होती. माझे कान तापले. पण हे मीच बोलायला हवं होतं, त्याने आपल्या वाट्याचं केव्हाच बोलून टाकलं होतं.

"'शकुन' एवढंच लिहा," मी म्हणाले. "पुढची जागा सोडा."

"किती दिवस?"

मी चारुदत्तकडे वळले. "किती दिवस लागतील?"

तो हातोडी घेऊनच उठला. "आईला तार करून येतो. अर्धा तास."

"अर्ध्या तासात लग्न?" मी विचारलं.

"अर्ध्या तासात तार. लग्नाला... पंधरा दिवस धरा." आणि तो हातोडीसकट पोस्टाकडे निघालासुद्धा.

रंगाऱ्याने 'शकुन' काढलं, ब्रश पुसला. "मग दिदि, आडनाव लिहून ठेवू?"

"नको," मी म्हणाले. "त्याचीही जागा सोडा."