रसिकाच्या जागेवर झोपलेली

या हकिकतीत कुणी किंचाळत नाही. पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, आणि वडाचं झाड तर मानपाड्यात आता औषधालाही उरलेलं नाही. रचायचीच असती, तर मी याहून बरी गोष्ट रचली असती.

घडलं तसं लिहितोय. बिल्डिंगचं नाव तेवढं गाळलंय, कारण ही माणसं अजून तिथंच राहतात.

रात्र गुरुवारची. २१ नोव्हेंबर २०२४. डोंबिवली पूर्व, मानपाडा. सातवा मजला.

रसिका म्हणजे माझ्या मामेभावाची, धनेशची बायको. वय अठ्ठेचाळीस. मुलगी समृद्धी नोकरीला बंगळुरूला, त्यामुळे घरात माणसं तीन. धनेश, रसिका आणि धनेशची आई, म्हणजे माझी हौसामामी. बिल्डिंग उभी आहे त्या जमिनीत मामीनं स्वतः भात लावलाय. आता ती त्याच जमिनीच्या सात मजले वर राहते आणि लिफ्टला अजून पाळणा म्हणते.

रसिका पूर्वी नकला करायची. हळदीकुंकवाला ही आली की बायका वाण विसरून हिच्याभोवती बसायच्या. वॉचमन, चेअरमन, वरच्या मजल्यावरची भाजीवाल्याशी भांडणारी बाई... कुणाला सोडलं नाही. माझीही नक्कल करायची. मला आवडायची नाही, म्हणजे ती चांगली असणार.

मार्च महिन्यापासून ते बंद झालं.

झोपही बंद झाली.

काही घडलं नव्हतं. लोकांची अडचण नेमकी तीच होती. कारण सापडलं असतं तर सगळ्यांना सोयीचं गेलं असतं. नणंद नयन म्हणाली, थायरॉइड. शेजारच्या गोपीनाथकाकांनी मोबाईलवर ठपका ठेवला, तोही मोबाईलवरून, सकाळी पावणेसहाला. धनेश म्हणाला, "संध्याकाळचा चहा सोडून बघ."

तिनं चहा सोडला.

झोप आली नाही.

तिला दुःख होत होतं असंही नाही. तसं काहीच होत नव्हतं. आमटी खारट झालीय, हे तिला दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून कळायचं. समृद्धीचा फोन आला की ती "हो, हो" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर कशाला हो म्हटलं ते आठवायचं नाही.

शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. डिप्रेशन आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि एक नियम सांगितला.

"वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर पलंगावर लोळत पडायचं नाही. उठायचं. दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं."

नियम चांगलाच होता. कितीतरी लोकांना लागू पडतो. रसिकानं तो मुकाट्यानं पाळला.

रोज रात्री ती हॉलच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. समोरच्या विंगमधल्या खिडक्या मोजायची. पाचव्या मजल्यावरचे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये साधकबाधक बोलणारे सेक्रेटरी दीड वाजता फ्रिज उघडून उभ्यानं श्रीखंड खायचे. नवव्यावरची नवी नवरी अंधारात एकटीच कपडे वाळत घालायची. तीन वाजेपर्यंत सगळं मिटायचं.

मग समोर काचेत फक्त ती.

पाचला ती पलंगावर जाऊन आडवी व्हायची. पण टक्क जागी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी धनेश दाढी करता करता म्हणाला, "काल झकास झोपलीस."

"मी?"

"मग कोण? घोरत होतीस अगं. दोनला उठलेलो मी, तेव्हा पण."

दोन वाजता ती हॉलमध्ये होती.

तिला वाटलं, बिचारा समजूत काढतोय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं नयनला फोन करून सांगितलंसुद्धा, "गोळ्या लागू पडल्या हां. बाई मस्त झोपतेय."

रसिका म्हणाली, "अहो, मी जागी असते."

"तुला वाटतं तसं," तो म्हणाला. "डॉक्टर पण बोलल्या ना, कधीकधी वाटतं तसं."

वाद घालायला अंगात जोर लागतो. तो तिच्याकडे नव्हता.

पण मग पाचला परत गेल्यावर तिच्या ध्यानात यायला लागलं...

उशी गरम असायची.

तिची. भिंतीकडची.

आणि गुरुवारी, २१ तारखेला, हॉलमध्ये गारठा वाटला म्हणून ती शाल आणायला बेडरूममध्ये गेली. तीनला दहा मिनिटं कमी होती. दार लोटलेलं. आतून धनेशचं घोरणं.

आणि त्याच्या मागून आणखी एक.

हलकं. एका लयीत...

तिनं दार ढकललं. झिरोचा दिवा होता. धनेश कडेला पालथा झोपला होता. त्याच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, एक बाई झोपली होती. तिच्याच गाऊनमध्ये. वेणी पाठीवर. पाय चादरीबाहेर.

रसिका मला म्हणाली, "घाबरायला हवं होतं ना? मी वाट बघितली, भीती येतेय का. नाहीच आली. फक्त वाटलं, किती छान झोपलीय ही."

पंखा फुल होता. तिनं बाईच्या पायांवर चादर ओढली.

शाल घेतली.

आणि हॉलमध्ये जाऊन बसली.

सकाळी धनेश कामावर गेल्यावर तिनं हे सासूला सांगितलं. दूध किती घेतलं ते सांगावं, तशा आवाजात. मामी लसूण सोलत होती. हात थांबला.

"राती उठतेस तवा आथरनाचा कोपरा दुमरतेस का?"

"कसला कोपरा?"

"अगो बाय! आमचे घरान राती कोनी उठला, तर पयला आथरनाचा कोपरा दुमरायचा. जागा उघरी टाकून जायाची नाय. घातलेला आथरून रिकामा दिसला का कोनी पन येतं."

"आई, चादरीला इलॅस्टिक आहे. कोपरा दुमडायचा कुठला?"

"मंग वरची उशी तरी उलटी करायची! शिकलेली ती डागदरीन सांगते, ऊठ आन् जा. तिला कोनी सांगलाय का घरचा?" मामीनं लसूण बाजूला सारला. "तिचा तोंड बगलास?"

"नाही. भिंतीकडे होतं."

"बगू नको. आयक. ती तुजी झोप झोपते. आजून निसती झोपते. एक दिस झोप पुरी व्हईल आन् सकाली ती उठंल. ती उठली का हे घर तिचा. मंग तू कुठं जाशील?"

रसिकानं हॉलमधल्या खुर्चीकडे बघितलं.

"तिथंच," मामी म्हणाली. "जागा घे बाय. लवकर घे."

त्या रात्री रसिका पलंग सोडायचाच नाही असं ठरवून पडली. सव्वा वाजता तिला कळलं, आपण खुर्चीत आहोत. उठून कधी आलो ते आठवेना.

शुक्रवार गेला. शनिवार गेला.

रविवारी पहाटे पाचच्या आधी ती खुर्चीत बसली होती आणि बेडरूममधून आवाज आला...

धनेश हसला.

झोपेतलं हसणं नव्हे. कुणीतरी कानात काही सांगितल्यावर माणूस दाबून हसतो, तसं. पाठोपाठ हलका, घोगरा आवाज. गोपीनाथकाकांचा.

गोपीनाथकाका तर शेजारच्या फ्लॅटमध्ये होते.

नक्कल इतकी बेमालूम, की खुर्चीत बसलेल्या रसिकाच्याही ओठांचा कोपरा हलला.

सकाळी धनेश तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "किती दिवसांनी हसवलंस गं. तू परत आलीस असं वाटलं."

रसिका दिवसभर त्यावर विचार करत राहिली. इथं तिनं जे मनात मांडलं, ते मला सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. धनेशला हसवणारी बायको हवी. समृद्धीला फोनवर नीट बोलणारी आई हवी. मामीला आमटी चवीची हवी. हे सगळं त्या आतलीकडे होतं. आपल्याकडे काय? खिडक्या मोजणं. मग जागा घ्यायची ती कुणासाठी?



त्या रात्री पावणेतीनला ती उठून बेडरूममध्ये गेली. धैर्य वगैरे नव्हतं. "पाठ दुखत होती," ती म्हणाली. "खुर्चीत बसून बसून पाठ दुखत होती, बस."

रसिकाचं माहेर विठ्ठलवाडीचं. एका खोलीत सात माणसं एका ओळीत झोपायची. रात्री उशिरा येणारा कुणाची परवानगी मागत नसे. कंबरेनं ढकलायचं आणि आत शिरायचं.

पलंगावर बाई तशीच. भिंतीकडे तोंड.

पण घोरणं थांबलेलं.

रसिका पायथ्याकडून चढली. धनेश आणि ती, यांच्यामधली वीतभर जागा. तिनं कंबर टेकवली.

"सरक."

काहीच झालं नाही.

"सरक म्हणते ना. माझी पण जागा आहे."

आणि भिंतीकडची हळूच सरकली...

जागा गरम होती. रसिका तिच्या पाठीला पाठ लावून पडली. मागून श्वास येत होता, जात होता. मग तिचाही तसाच यायला लागला. कुठला आपला, ते कळेनासं झालं.

ती झोपली.

आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

जाग आली तेव्हा खोलीत ऊन होतं. साडेनऊ. पलंगावर दुसरं कुणी नव्हतं. धनेश तिला न उठवता कामावर गेला होता.

ती बाहेर आली. मामी डायनिंग टेबलाशी बसली होती. तिनं सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोन उठली?" मामीनं विचारलं.

"मीच की," रसिका म्हणाली. आणि हसली.

मामी उठली. घरात रोज सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. मामीनं शोकेसमधला कपबशीचा सेट काढला. पुसला. चहा ओतला, बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि कप तिच्यासमोर सरकवला.

"बसा," म्हणाली. "चा घ्या."

आता रसिका पाच-सहा तास झोपते. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई समाधानी आहेत, धनेश तर फारच. नयन म्हणते, थायरॉइडच होतं. मामी सुनेला अजूनही कपबशीतूनच चहा देते. का, ते कुणाला सांगत नाही.

ही सगळी हकीकत मला रसिकानंच सांगितली. गेल्या महिन्यात, त्याच हॉलमध्ये बसून. मामीचा आवाज काढून दाखवला, डॉक्टरीणबाईंचा, धनेशचा. मी पोट धरून हसलो.

मग तिनं हॉलमध्ये रात्रभर बसणाऱ्या रसिकाचा आवाज काढला.

दुसऱ्या कुणाचा काढावा, तसा.

मी चहा अर्धा टाकून निघालो. त्यानंतर त्या घरी गेलेलो नाही.